डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकायचा का? गॅरेजवाला म्हणतो कटकटच मिटेल

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी. २०२१ची बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे, ४६ हजार किमी झालेत. आधी दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर व्हायचं, तेव्हा काही त्रास नव्हता. आता बदली पुण्यातच झाली. गाडी कोथरूडात मुलांची शाळा, ऑफिस, मंडई एवढीच फिरते. डीपीएफचा दिवा सारखा लागतोय, परवा तर गाडी पिकअपच घेईना. सर्व्हिस सेंटरने अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली, आकडा लाखाच्या पुढे. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, आतली जाळी काढून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप, म्हणजे नव्याने प्रोग्रॅम, करून देतो, २५ हजारांत काम, अ‍ॅव्हरेजही वाढेल, पीयूसीला अडचण नाही. करू का?

घाटवाट:
बिनधास्त करा. भावाच्या गाडीचं केलंय, दिवा नाही की काही नाही. आपल्याकडे कोण तपासतंय?

चिंचवडचा फिटर:
मुठाकाठ साहेब, काढू नका. माझं डिझेलचंच गॅरेज आहे आणि हे काम मी घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आत जाळी नसते. सिरॅमिकचा ठोकळा असतो, त्यात बारीक नळ्या, एक पुढून बंद तर शेजारची मागून. धूर भिंतीतून झिरपतो, काजळी आत राहते. ती जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी ईसीयू जास्तीचं डिझेल मारतो. हे काम पूर्ण व्हायला गाडी बराच वेळ सलग चालती लागते. तुम्ही शाळेपाशी इंजिन बंद केलंत की काजळीचं जळण अर्धवट राहतं, आणि ते जास्तीचं डिझेल सिलिंडरवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून आज पहिलं काम, डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेपेक्षा चढलं असेल तर गाडी पळवूच नका, आधी ऑइल बदला. तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, जळल्यावर कमी राख सोडणारंच. कॅनवर डिझेल लिहिलंय एवढ्यावर घेऊ नका.

आता असेंब्लीचं. काजळी जळते, राख जळत नाही, आणि शेवटी फिल्टर भरतो तो राखेने. पण ४६ हजारांत सहसा तेवढी राख होत नाही. म्हणजे एक तर जळण पूर्ण होत नाही, नाहीतर इंजिनच जास्त काजळी करतंय. इंजेक्टर गळतोय का, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का, टर्बो ऑइल टाकतोय का, हे कोणी बघितलं? थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन तापतच नाही आणि जळण सुरूच होत नाही. डीपीएफच्या प्रेशर सेन्सरची रबरी नळी चिरली तरी रीडिंग चुकतं. किरकोळ खर्चाची नळी! काजळीचं प्रमाण, राखेचं प्रमाण, शेवटचं जळण किती किमीपूर्वी झालं, हे स्कॅनरवर दिसतं. ते आकडे मागून घ्या. आकडे न दाखवता असेंब्ली बदला म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

घाटवाट, तपासायचं म्हणाल तर कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. पीयूसी पास होईलही, कारण ते मशीन धुराचा गडदपणा मोजतं, सगळ्यात बारीक कण त्याला दिसत नाहीत. पण छातीत खोलवर जातात ते हेच कण. बीएस-४ डिझेल कारला किमीमागे २५ मिलिग्रॅमची मुभा होती, बीएस-६ला ४.५. हा फरक मुख्यतः या ठोकळ्याने पडतो. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्यांत टाकला. माझ्याकडची पोरं दिवसभर याच धुरात उभी असतात. शाळा सुटताना तुमच्या सायलेन्सरमागे कोण उभं असतं, तुम्हीच बघा.

आइंडहोवनहून:
इथे नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२३पासून वार्षिक तपासणीत कण मोजायचं यंत्र लावतात. घन सेंटिमीटरला दहा लाखांच्या वर कण निघाले की गाडी नापास. काढलेला फिल्टर त्यात लपत नाही. सेकंडहँड डिझेल घेणाऱ्यांनी इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवावं. फिल्टर धड असेल तर काजळी जवळपास लागत नाही.

मुठाकाठ:
डिपस्टिक बघितली. ऑइल खुणेच्या वर आहे आणि डिझेलचा वास येतोय. उद्याच बदलतो. त्यानंतर एक्स्प्रेसवेवर नेऊन आणली तर चालेल का?

चिंचवडचा फिटर:
आधी स्कॅन. काजळी मर्यादेत असेल तरच न्या, टाकी पाव भागापेक्षा जास्त भरलेली ठेवा, बऱ्याच गाड्या त्याखाली जळण सुरूच करत नाहीत. खालच्या गिअरमध्ये, २ हजारांच्या वर आरपीएम ठेवून सलग अर्धा तास चालवा. मध्ये थांबलात तर वाळक्या गवतावर उभी करू नका. काजळी फारच भरली असेल तर जबरदस्तीने जाळू नका, ठोकळा तडकतो. तेव्हा तो खोलून बाहेर साफ करून घ्यायचा. नव्या असेंब्लीच्या मानाने खर्च फारच कमी. आणि मूळ कारण सापडल्याशिवाय परत बसवू नका. आकडे आले की इथेच टाका, बघतो.