युद्धातून उठलेल्या देशाला कर्ज देताना 'व्यापार खुला करा' अशी अट घालावी का?

यंत्रमागवाला, अशोक चौक
माझं मत सरळ आहे: घालू नये. आफ्रिकेतल्या मोझांबिकचं उदाहरण घ्या. १९७७ ते १९९२ तिथं यादवी युद्ध चाललं. एकेकाळी काजूत जगात आघाडीवर असलेला हा देश पार मोडून गेला. नंतर सरकारी काजू कारखाने खासगी मालकांना विकले. ते जेमतेम सुरू होतायत तोच, १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जासोबत अट टाकली की कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करा. कच्चा काजू बोटी भरून भारतात यायला लागला. २००१ पर्यंत तिथले बहुतेक मोठे कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. गिरणी बंद पडल्यावर गावाचं काय होतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

कांदावाला, मोहोळ
दादा, शेतकऱ्याच्या बाजूनंही बघा. निर्यात कर म्हणजे काय, ते आम्ही भोगलंय. ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के शुल्क लागलं आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. आमचा लाल कांदा तेव्हाच निघतो आणि तो चाळीत टिकत नाही. सोलापूरच्या यार्डात पिशव्या फोडून ढीग ओतला की पडेल त्या बोलीला द्यावाच लागतो. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात आलेली पट्टी बघवत नव्हती. कारखान्याला माल स्वस्त मिळावा म्हणून शेतकऱ्याचा भाव का पाडायचा? त्या बाबतीत बँकेचं बरोबरच होतं.

यंत्रमागवाला, अशोक चौक
तुमचा राग रास्त आहे. पण भाव खरंच शेतकऱ्यापर्यंत पोचला का? अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला होता. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाचा फायदा निघाला वर्षाला ५ डॉलरच्या आसपास. खेड्यात खरेदी करणारे व्यापारी मोजकेच, त्यामुळे मलई मधल्यामधेच गेली. आडत तुम्हाला माहीत आहे.

कांदावाला, मोहोळ
मग खरेदीदार वाढवा, रस्ते करा, गोदामं बांधा. शेतकऱ्यावर कर लावणं हा त्यावर इलाज नाही. आणि ते कारखाने जुन्या यंत्रांवर चालत होते, केरळात हाताने सोललेला काजू जास्त अख्खा निघत होता. आपल्या गिरण्याही फक्त बाहेरच्या मालाने बुडाल्या का? जुन्या मागांवर पैसा घालायला मालक तयार नव्हते.

विडी कामगाराची मुलगी
दोघांनाही विचारते, त्या कारखान्यातल्या बायकांचं काय? काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते. असं काम करणारीला दुसरं सोपं काम मिळत असतं तर तिने हे धरलंच नसतं. माझी आई तंबाखूत बसून विड्या वळायची. कुणी काम बंद करा म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न 'मग चूल कशावर?' हाच असायचा. अट घालणाऱ्यांनी तो विचारला नाही, हा माझा आक्षेप.

निवृत्त शिक्षक, होटगी रोड
सगळ्या संस्थांना एका दावणीला बांधू नका. मोझांबिकात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांकडून शस्त्रं घेतली आणि १९९४ ची निवडणूक पार पाडली. सुरुंग काढण्याचं काम तर दोन दशकांहून जास्त चाललं. २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. शेतात पाऊल टाकायचीच भीती असेल तर काजू काय आणि कर काय?

यंत्रमागवाला, अशोक चौक
गुरुजी, त्या कामाला माझा विरोध नाहीच. मी क्रमाबद्दल बोलतोय. आधी सुरुंग, रस्ते, कारखान्याला चार-पाच वर्षांची उसंत, मग कर उतरवा. १९९९ मध्ये तिथल्याच संसदेने कर पुन्हा वाढवायचा कायदा केला. पुढे नामपुला भागात हाताने काजू फोडणारे छोटे कारखाने उभे राहिले. लोकांनी निवडलेल्यांना ठरवू दिलं असतं तर मधली वर्षं वाया गेली नसती.

कांदावाला, मोहोळ
मोठ्यांऐवजी छोटे, हाताने चालणारे उभे राहिले ना, मग जुनं मोडायलाच आलं होतं हे माझंच म्हणणं झालं. एक मात्र मान्य. त्या करातला काही पैसा काजूच्या झाडांसाठी, फवारणीसाठी परत जायचा. आमच्या ४० टक्क्यांतला एक रुपया तरी कांदा चाळीला आला का, ते कुणीतरी दाखवा, मग कराबद्दल पुढचं बोलू.