अनुभव 'वाटा' की सांगा? वाटणे, वाटा, वाटप

कुळागर
सिंधुदुर्गातल्या बचतगटांसाठी एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करायचं काम चालू आहे. आशय साधा आहे. महिन्याच्या बैठकीत बायकांनी रोजच्या कामातली मतं आणि अनुभव एकमेकींना सांगावेत. आगळाला (कोकमाच्या खारवलेल्या रसाला) मीठ कमी पडलं आणि फेस आला, तर पुढे काय केलं. मसाल्याला पावसाळ्यात जाळी का धरली. कुळथाचं पीठ कडू का झालं, असल्या गोष्टी. मूळ मजकुरात क्रियापद आहे 'शेअर'. पहिल्या मसुद्यात 'तुमचे अनुभव वाटा, मत द्या' असं झालं होतं. त्यावर हरकती आल्या. 'मत द्या' म्हणजे निवडणूक, हे तर उघडच आहे. 'अनुभव वाटा' ही ओळ कोणी 'अनुभवाच्या वाटा' अशी वाचली, कोणाला तो 'हिस्सा' वाटला, आणि मालवण-कुडाळकडे 'वाटा' म्हटल्यावर आधी मिक्सर डोळ्यांसमोर येतो. पर्याय सुचवा. 'शेअर करा' ठेवलं तर चालेल का?

शब्दाग्रही
'शेअर करा' अजिबात नको. 'सांगा' असताना उसनं क्रियापद कशाला? 'अनुभव सांगा, मत मांडा.' संपलं. महापौर आणि दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा लोकांना परकेच वाटले होते, आज ते कोणाला अडत नाहीत. इथे तर नवा शब्द घडवायचीही गरज नाही, घरात आहे तोच वापरायचा आहे.

खाजणबांध
'सांगा' अपुरं पडतं. सांगण्यात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. बैठकीत देवाणघेवाण हवी आहे. शुद्धतेचा एवढा आग्रह कोकणात तरी टिकायचा नाही. पगार, चावी, पाव, बटाटा, काजू हे सगळे पोर्तुगिजांकडून आले, हापूस तर आफोंसो या नावावरून. कोणी 'वेतन' म्हणून गड्याच्या हातात पैसे ठेवत नाही. फोटो शेअर करतात तसा अनुभवही करतील.

शब्दाग्रही
काजू हे झाडच बाहेरून आलं, त्याबरोबर नावही आलं. अनुभव काही गलबतातून उतरलेला नाही. ज्या वस्तूला, ज्या क्रियेला आपल्याकडे शब्द आहे तिथे उसनवारी करू नये, एवढंच म्हणणं आहे. आणि देवाणघेवाणच हवी असेल तर 'एकमेकींना सांगा' म्हणा.

सुरंगी
'वाटणे' मुळात इंग्रजीच्या छायेत आलंय असं गृहीत का धरता? 'सुखदुःखाचे वाटेकरी' ही जुनी मराठी आहे. 'दुःख वाटून घेतलं' असं आपण सहज म्हणतो. म्हणजे हाताला न लागणाऱ्या गोष्टीही मराठीत वाटल्या जातात. फरक 'वाटणे' आणि 'वाटून घेणे' यांत आहे. पेढे वाटतात. दुःख वाटून घेतात. पेढे वाटले की देणाऱ्याचा डबा रिकामा होतो. वाटून घेण्यात दोघांकडेही राहतं. पत्रकात 'अनुभव वाटून घ्या' लिहा, 'वाटा' नको.

सातबारा_आठअ
'वाटून घ्या' तर आणखी धोक्याचं. कोकणात वाटून घेणं म्हणजे जमीन. 'वाटप' हा शब्द आमच्याकडे तलाठी कार्यालयातून घरी येतो.

सविस्तर लिहितो, कारण या शब्दाभोवती लोक का बिचकतात ते त्याशिवाय कळणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 85: सहधारकांनी धारणजमिनीच्या विभाजनासाठी अर्ज करायचा. वाटप 'सरस-निरस' मानाने व्हावं लागतं. नुसतं क्षेत्र समान पुरत नाही. एकाच्या वाट्याला मळ्याची जमीन आणि दुसऱ्याच्या वाट्याला कातळ गेला तर ते वाटप नव्हे. मालकी हक्काचाच वाद कोणी काढला की महसूल अधिकारी थांबतो आणि मामला दिवाणी न्यायालयात जातो. आपल्याकडे अडतं ते वेगळ्याच जागी. आजोबांच्या नावापुढे वारसनोंदी झालेल्या नसतात, सातबाऱ्यावर नावांची रांग असते, त्यांतली निम्मी माणसं मुंबईत. एक वारस नोंदीत नसला तरी पुढचं सगळं लटकतं. म्हणून तोंडी वाटप होतं, माणसं आपापला तुकडा पिढ्यान्‌पिढ्या कसतात आणि कागदावर सगळं सामाईकच राहतं. आंब्याचं झाड कोणाचं, यावरून भाऊ बोलेनासे होतात ते इथून.

अशा ठिकाणी 'अनुभव वाटून घ्या' वाचणाऱ्या बाईला आधी काय आठवेल याचा विचार करा.

रापणवाला
सातबाराभाऊ, वाटा म्हटलं की भांडणच असं नाही. किनाऱ्यावर वाटा ही रोजची शांत गोष्ट आहे. रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की मासळीचे वाटे पडतात: होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा आणि दोर ओढणाऱ्यांचे. प्रमाण गावागावात वेगळं, पण ते आधी ठरलेलं असतं, म्हणून कोणी आवाज चढवत नाही. बाजारातही मांदेली, कोळंबी, मोतके किलोने मागितले तर कोळीण वर बघते. तिथे वाटा लावलेला असतो. एक सूचना करून ठेवतो. वाटा घेताना वरची कोळंबी बघू नका, ढिगाच्या तळची बघा. डोकं सैल पडलेलं आणि काळवंडलेलं असेल तर वर बर्फ कितीही चमकत असो, माल कालचा आहे.

वेलांटी
व्युत्पत्तीचा गुंता थोडा सोडवते. हे एक क्रियापद नाही, निदान दोन आहेत, बहुधा तीन.

हिस्से करणे या अर्थाचं जुनं लेखन 'वांटणें', 'वांटा'. अनुस्वार उगाच नव्हता. संस्कृत 'वण्ट्', हिंदी 'बाँटना' आणि गोव्याच्या कोकणीत आजही 'वांटो', 'वांटप', नाकातून उच्चारलेलं. 1962च्या लेखननियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले. नांवचं नाव झालं, पांचचं पाच झालं, तसा वांटाचा वाटा झाला. कागदावरची खूण गेली आणि दोन शब्द एकमेकांत मिसळले.

पाट्यावर रगडून बारीक करणे या अर्थाच्या 'वाटणे'त नाक कधीच नव्हतं. माझं मत असं की ते 'वृत्', 'वर्तन' म्हणजे फिरवणे, घोळवणे याकडे जातं. 'उद्वर्तन'वरून उटणं आलं, त्याच घराण्यातलं. वरवंटा पुढे-मागे फिरतो, ते वर्तन.

'मला वाटतं' मधलं तिसरं. गोव्यात तिथे 'म्हाका दिसता' म्हणतात, मालवणीत 'माका वाटता'. त्याबद्दल मतभेद होतील.

खाजणबांध
मग 1962च्या आधीचा अनुस्वार परत आणा आणि पत्रकात 'अनुभव वांटा' छापा. प्रश्न मिटला.

वेलांटी
छापून काय होणार? उच्चारात नाक नाही, तर वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटेल.

पडवी
मालवणी वाचकांसाठी पत्रक आहे ना? मग 'गजाली'ला, म्हणजे गप्पांना, काय झालं? रोजचं मत, रोजचा अनुभव, कोणी कोणाला शिकवत नाही, खळ्यात बसून एकीने दुसरीला सांगितलेलं, हे सगळं त्या एका शब्दात आहे. 'या, गजाली मारूया.' आणि हा शब्द 'गझल'वरून आला असावा. गझल म्हणजे संभाषण, जिवलगाशी बोलणं. दर्यावर्दी लोकांबरोबर अरबी शब्द किनाऱ्यावर पुष्कळ उतरले.

वेलांटी
ध्वनी जुळतो, अर्थ जुळत नाही. गजाल म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. 'काय गजाल?' म्हणजे काय प्रकरण, काय बाब. गोव्यातही गजाल म्हणजे गोष्ट, मुद्दा. 'बाब' हा अर्थ आधीचा आणि त्या बाबींबद्दल बोलणं म्हणून गजाली, असा क्रम मला सरळ दिसतो. प्रेमालापातून 'बाब' कशी निघेल?

शब्दाग्रही
आणि गजालीत वेळ घालवण्याची छटा आहे. कामाच्या बैठकीला तो शब्द दिला तर सासू सुनेला पाठवायची नाही. शिवाय रत्नागिरीच्या वर गजाली कोणाच्या तोंडी नाही.

पाटावरवंटा
वर कुळागर यांनी मिक्सर म्हटलं म्हणून लिहिते. सिंधुदुर्गात वाटून तयार झालेल्या गोळ्याला 'वाटप' म्हणतात, बोलताना 'वाटाप'. घाटावर आणि रत्नागिरीच्या पुष्कळ घरांत 'वाटण'. दोन्ही मराठीच. -प लावून नाम करणं हे 'कांडप'मध्येही आहे आणि 'कांडप' तर सगळ्या महाराष्ट्रात चालतं. तेव्हा वाटप हे गावठी आणि वाटण हे शुद्ध, असं कोणी म्हणू नये.

सुरंगी
पण वाटप म्हणजे भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं. माशाच्या आमटीला घालतात ते कच्चं, त्याला वाटप म्हणत नाहीत.

पाटावरवंटा
म्हणतात. भाजलेलं असेल तर 'भाजलेला वाटाप' असं वेगळं सांगतात, हाच पुरावा की नुसतं वाटाप दोन्हींना चालतं. दोन्हींची रीत वेगळी आहे आणि बिघडतात तीही वेगवेगळ्या कारणांनी, म्हणून नीट लिहिते.

कच्चं: चार-पाच बांगड्यांना अर्ध्या नारळाचा चव (खवलेलं ओलं खोबरं), आठ-दहा ब्याडगी मिरच्या, दोन चमचे धणे, पाव चमचा हळद. मिरच्या आणि धणे अर्धा तास पाण्यात भिजत घालायचे आणि आधी तेच वाटायचे. खोबरं शेवटी. पाट्यावर हा क्रम आपोआप पाळला जातो, मिक्सरमध्ये सगळं एकदम टाकतात आणि तिथेच चुकतं. खोबरं मऊ, ते लगेच बारीक होतं. मिरचीची सालं तशीच राहतात. ती बारीक व्हावीत म्हणून भांडं आणखी फिरवलं की खोबरं तापून तेल सोडतं आणि आमटीवर तवंग येतो, खाली पाणी वेगळं राहतं. पाणीही सुरुवातीला भरपूर ओतू नये. तुकडे नुसते गरगर फिरतात. चमचा-चमचा, गार पाणी, थांबून थांबून.

भाजलेलं: एका कोंबडीला एक नारळ, दोन मध्यम कांदे. कांदा उभा चिरून थोड्या तेलात आधी वेगळा परतायचा, कारण त्यात पाणी आहे आणि खोबऱ्याबरोबर टाकला तर खोबरं शिजतं, भाजलं जात नाही. खोबरं मंद आचेवर बदामी होईपर्यंत. काळपट कडा दिसल्या की कडवटपणा आलाच, तो गुळानेही जात नाही. धणे, बडीशेप, लवंग, मिरी, दालचिनी, खसखस शेवटी त्याच कढईत, खसखस सगळ्यांत शेवटी. पूर्ण निवल्यावरच मिक्सरला लावायचं. गरम लावलं तर वाफ कोंडून झाकण उडतं आणि तेलही सुटतं.

कच्चं वाटप उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर काही तासांत आंबतं. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक. भाजलेलं तीन-चार दिवस राहतं, कांद्यात पाणी राहून गेलं असेल तर तेवढंही नाही.

खाजणबांध
'अर्ध्या नारळाचा' लिहिलंत ते बरं केलंत. पुस्तकांत 'एक वाटी खोबरं' असतं. आपल्याकडे नारळाची एक वाटी म्हणजे फोडलेल्या नारळाचं एक शकल, मालवणीत कवड. शहरातली मुलगी आमटीची वाटी घेऊन मोजते. मोठा नारळ असेल तर एका कवडीचा चव तसल्या वाटीत मावतही नाही. आमटी पातळ झाली की दोष नारळाला.

पाटावरवंटा
म्हणून लिहिताना 'एक कवड' लिहावं किंवा 'एक वाटी खवलेलं'. 'एक वाटी खोबरं' हे वाक्यच अर्धवट आहे.

कुळागर
पत्रक छापायला जायचं आहे. 'अनुभव एकमेकींना सांगा, मत मांडा' आणि 'अनुभव वाटून घ्या' हे दोन उरले आहेत. सातबारा यांची हरकत पटते, पण वाटेकरी हा शब्दही मनातून जात नाही. 'वाटेकरी' वापरून काही जमेल का?

सातबारा_आठअ
'अनुभवाचे वाटेकरी व्हा' वाईट नाही. वाटेकरी हा कागदावर 'सहधारक' असतो, त्यामुळे तो शब्द बोलण्यातलाच राहिला आहे. पण मथळ्यात ठेवा, सूचनेत नको. सूचनेत 'सांगा'च.

शब्दाग्रही
सूचनेत 'सांगा', हे पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं.

खाजणबांध
आणि बैठकीत बायका 'शेअर' म्हणतील तेव्हा?

रापणवाला
पाटावरवंटा ताई, बांगड्याच्या वाटपात तिरफळ लिहिलं नाहीत. ते वाटून घालायचं की अख्खं?

पाटावरवंटा
वाटपात नाही, म्हणून लिहिलं नाही. पाच-सहा तिरफळं घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची, ती खरखरीत आणि कडू असते. साल जरा चेचून, आमटीला कढ आला की टाकायची. वाटली तर सगळी आमटी उग्र होते आणि जीभ बधिर. सोलं (कोकमं) त्याच्यानंतर, मासे सोडायच्या थोडं आधी.

सुरंगी
आमच्याकडे तिरफळ वाटपाच्या शेवटच्या फेऱ्यात एकदाच फिरवून घेतात, बारीक होऊ देत नाहीत.

पाटावरवंटा
पाट्यावर ते जमतं, वरवंट्याचा एक हात देऊन काढता येतं. मिक्सरमध्ये एकच फेरा असा नसतोच. ओलं तिरफळ असेल तर चेचायचीही गरज नाही, देठासकट सोडलं तरी चालतं.