पुणे: बंद बंगल्याचं आवार आणि माळा रिकामा करून देणारी खात्रीची माणसं हवी आहेत

मावशीचा सहकारनगरात, तळजईच्या अंगाला, बैठा बंगला आहे. काका गेल्यावर ती आमच्याकडे बंगळूरला आली आणि घराला कुलूप लागलं. आता घर भाड्याने द्यायचं ठरतंय, त्याआधी आवार आणि आतलं सामान दोन्ही मोकळं करायला हवं. शेजारच्या काकूंनी फोटो पाठवलेत. फाटकापासून पायरीपर्यंत कमरेएवढं गाजर गवत, मागे घाणेरीचं रान, सुबाभळीची फांदी गच्चीवर टेकलेली. गॅरेजात न्हाणीघर नवं केलं तेव्हाचा राडारोडा पोत्यांत भरून तसाच. माळ्यावर कापसाच्या गाद्या, तांब्याचा बंब, डबा टीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे अर्धवट डबे आणि काकांनी 'लागतील कधीतरी' म्हणून जपलेल्या उडालेल्या ट्यूबलाइट. (त्या कशाला लागणार होत्या ते काकांनाच ठाऊक.)

फोनवर दोघांशी बोलणं झालं. एक म्हणाला, चाळीस हजार एकरकमी, दोन दिवसांत सगळं साफ. कचरा कुठे टाकणार म्हटलं, तर "ते आम्ही बघतो साहेब". दुसरा एक पैसा न घेता यायला तयार, पण "भंगार माझं, कचरा तुमचा". म्हणजे बंब, लोखंडी कपाटं, बॅटरी तो नेणार आणि गाद्या, राडारोडा आमच्या गळ्यात.

रात्री नदीपात्रात टेम्पो उलटा करणारा माणूस मला नको आहे. सगळं एकालाच द्यावं की कामं तोडून द्यावीत? फांदीला परवानगी लागते का? दिवाळीनंतर जोडून सुट्टी असलेला शनिवार-रविवार धरून येईन. मावशीही येणार आहे. गुडघ्यांमुळे तिला माळ्यावर चढता येत नाही, पण ती समोर असल्याशिवाय एक डबाही हलवायचा नाही असं बजावलंय.

पागोळी:
तोडूनच द्या. एकरकमी घेणाऱ्याचा फायदा खेपा वाचवण्यात असतो, मग माल जवळच्या ओढ्यात जातो.

आधी गवत काढून घ्या, नाहीतर टेम्पो आत येणार नाही. मग भंगार, मग निरुपयोगी सामान, राडारोडा शेवटी. भंगारवाल्याला कपाटं दाखवण्याआधी त्यातले कागद मावशींच्या पुढ्यात ठेवा. जुन्या शेअरची प्रमाणपत्रं, मिळकत पत्रिकेचे उतारे, बँकेच्या ठेवींच्या पावत्या नेमक्या रद्दीच्या गठ्ठ्यात निघतात. तांबं-पितळ लोखंडाबरोबर ढिगाने देऊ नका, वेगळं वजन करून घ्या. भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव बरा मिळतो. बॅटरीही ढिगात नको. नवी घेताना जुनी परत दिली की दुकानदार किंमत वळती करून देतो.

काकडआरती:
परवानगी लागतेच, झाड खासगी जागेत असलं तरी. 1975 चा झाडं जतन करण्याचा कायदा शहरांना लागू आहे आणि फांद्या छाटणंही त्यात येतं. पालिकेच्या उद्यान विभागाकडे फोटोसकट अर्ज करा, माणूस येऊन पाहून जातो. वेळ लागतो, म्हणून बंगळूरहून आजच अर्ज टाका. "मी बघून घेतो" म्हणणारा माळी दंडाची नोटीस आल्यावर फोन उचलत नाही.

खमंग_चिवडा:
तळजई जवळ आहे म्हणजे घोणस धरूनच चाला. वाळलेल्या पाल्याच्या रंगात मिसळून पडलेली असते, पाय पडेपर्यंत दिसत नाही. गड्यांना गमबूट द्या, आधी लांब काठीने गवत झोडपायला सांगा, लाकडांच्या ढिगात हात घालू देऊ नका. सर्पमित्राचा नंबर हाताशी ठेवा. गाजर गवताने अंगाला खाज येते, काहींना दमा उठतो, तेव्हा हातमोजे आणि मास्क हवेतच. विळ्याने कापलं तर बुडख्यातून पुन्हा फुटतं. आदल्या संध्याकाळी पाणी मारून मुळासकट उपटायला लावा.

आणि काडी लावू देऊ नका. गडी हमखास सुचवतात. कचरा जाळायला बंदी आहे, शिवाय घाणेरीच्या धुराने शेजारच्या काकू तुमच्याशी बोलणं टाकतील. कोरडा पाला लोक मागून नेतात, पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा गट पालावाले आणि बागवाले यांची गाठ घालून देतो.

भर_दुपारी:
सामानाचं म्हणाल तर गल्लीत रोज येणाऱ्या कचरावेचक ताईंना आधी विचारा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, 2008 पासून दारोदार कचरा गोळा करते. जुनं फर्निचर, कपडे, टीव्ही वगैरे मोठ्या वस्तूंसाठी त्यांची वेगळी सोय आहे. माझ्या सासूबाईंचा पलंग आणि शिवणयंत्र तिकडेच गेलं. ताईंना रोजच्या ओल्या-सुक्यात हे कोंबू नका, वेगळे पैसे ठरवा. ट्यूबलाइट फोडू नका, आत पारा असतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लिहून, रंगाच्या डब्यांसोबत वेगळ्या द्या. गाद्यांचा कापूस चांगला असेल तर पिंजून नवी गादी होते.

राडारोडा मात्र ताई घेत नाहीत. वाघोलीला पालिकेचा बांधकामाच्या राडारोड्यासाठी प्रकल्प आहे. क्षेत्रीय कार्यालयात विचारून गाडी मागवा. खासगी टेम्पो केलात तर माल उतरवल्याची पावती बघून पैसे द्या. पावती म्हटल्यावर ज्याचा भाव एकदम वाढतो, तो आधी कुठे टाकणार होता ते कळतंच.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. अर्ज आज टाकतो. चाळीस हजारवाल्याला पावतीचं विचारलं, त्यावर त्याचं उत्तर नाही. गवतासाठी माळीदादा कुणाच्या माहितीतले असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर इथे नको. एक राहिलं: गॅरेजवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, दोन तडकलेले. तेही राडारोड्यात जातील ना?

काकडआरती:
नाही! त्या काळातले पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉस. तोडायचे, घासायचे, ड्रिल मारायचे नाहीत, धूळ फुप्फुसात बसते. गळत नसतील तर आहेत तिथेच राहू द्या. तडकलेले बदलायचे तर पाणी मारून अख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवा आणि राडारोड्याची गाडी ठरवतानाच क्षेत्रीय कार्यालयात त्यांचं वेगळं विचारा. मावशींना त्या दिवशी काकूंकडे बसवा.