वसईच्या मोहिमेवर पुस्तक लिहायचंय, तारखा जुळत नाहीत

प्रश्न (केळवे)
मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची 1737–39 ची मोहीम, तिथला धर्म आणि लढाई असा विषय आहे. मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत एकाच घटनेच्या तारखा वेगळ्या. कोणती धरावी? याच विषयांवर पुढेही लिहीत राहायचं तर काय शिकावं?

उत्तर 1
तारखा बहुधा बरोबरच असतात, कालगणना वेगळ्या आहेत. इंग्रजांनी 1752 मध्ये जुनी ज्युलियन कालगणना सोडून आजची ग्रेगोरियन घेतली, पोर्तुगीजांनी कितीतरी आधी. त्यामुळे वसईच्या शरणागतीचा 16 मे 1739 इंग्रजी कागदात 5 मे होतो. इंग्रजांचं वर्षही 25 मार्चला बदले, म्हणून त्यांचा फेब्रुवारी 1738 हा आपला 1739.

मराठी पत्रातला शुहूर सन (तेव्हाच्या कागदांत वापरात असलेला सन) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे 9+30+100+1000 = 1139. हा सन मृग नक्षत्राला बदलतो: इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. वर्षाची चूक होते ती नेमकी इथे. ‘छ 7 सफर’मधला छ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची (इथे सफरची) तारीख; तो दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तेव्हा रात्रीच्या हल्ल्याची तारीख दोनदा तपासा.

उत्तर 2
तारखेवरून तिथी काढा आणि तिथीवरून भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: अष्टमीला 8 × पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी भरती. वसईच्या खाडीत होड्या केव्हा येऊ शकल्या असतील, हे त्याशिवाय लिहूच नये. किल्लाही ओहोटीला खाडीच्या अंगाने पाहा; चिखल किती लांब उघडा पडतो ते तेव्हाच कळतं.

उत्तर 3
धर्माबद्दल लिहिताना जपा. पत्रातला ‘फिरंगी’ बहुतेकदा पोर्तुगीज सत्ता असते. वसईचा मराठी बोलणारा ख्रिस्ती शेतकरी त्यात कोंबू नका. सत्ता गेली, तो तिथेच राहिला. वाईजवळच्या मेणवलीची घंटा वसईची म्हणून सांगतात. अशा घंटेवर साल असेल तर ते ओतकामाचं, लढाईचं नव्हे.

आधी मोडी शिका. ओळभर आडवी रेघ ओढून खाली अक्षरं लिहिलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. गावांची नावं तिथेच चुकतात. मग कामापुरती पोर्तुगीज. आणि एकदम चारशे पानांना हात घालू नका. एक बुरूज, एक महिना घेऊन दिवाळी अंकासाठी लेख करा. वसई किल्ल्याच्या सेंट सेबास्टियन बुरुजाखालचे सुरुंग एवढाच विषय पुरेल.