मदत हवी आहे: एक रुपयाच्या जुन्या नोटा कशा लावायच्या, सालाप्रमाणे की सहीप्रमाणे?

नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या कपाटात एक रुपयाच्या जुन्या नोटांचं जाडजूड पाकीट निघालंय, सोसायटीच्या गणपतीत प्रदर्शन असतं त्यात त्या मांडायचं ठरलंय आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात.

एवढं मला माहितीये की ही नोट रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची, म्हणून वर 'मैं धारक को' वालं वचन नसतं आणि गव्हर्नरऐवजी वित्त सचिवांची सही असते. कायद्याने ती नाण्यातच मोडते, नोटेवर चक्क नाण्याचं चित्र आहे की. (आमचा मेव्हणा तरी म्हणतोय वचन नाही म्हणजे नकली! असो.)

आता घोळ असा की मनमोहन सिंगांची सही एक रुपयावरही आहे आणि शंभरच्या नोटेवरही, मग ते नक्की कोण होते तेव्हा? एका नोटेवर नाण्यात गांधीजी आहेत, बाकीच्यांवर का नाहीत? आणि मागे ते समुद्रातलं लोखंडी मचाण कसलं? काही नोटांना सेलोटेप लावलाय, तो पिवळा पडलाय, काढू का? प्लीज जाणकारांनी सांगा.

— चिल्लरवाला:
मनमोहन सिंग आधी वित्त सचिव होते, 1976 ते 80, तेव्हा एक रुपयावर सही, मग 1982 ते 85 गव्हर्नर, तेव्हा मोठ्या नोटांवर. आय. जी. पटेलांचंही तसंच झालंय, दोन्ही नोटा शेजारी लावा, लोक थांबून बघतात. गांधीजींची नोट 1969 च्या जन्मशताब्दीची, नाण्यावर 1869-1948 असेल बघा. साल नाण्याच्या चित्रातच छापलेलं असतं, भिंग घ्या. मी तरी आधी सालाप्रमाणे लावेन आणि सही बदलली तिथे चिठ्ठी ठेवेन. राजाचा छाप असलेली एखादी निघाली तर ती सगळ्यात पुढे, कारण ही नोट सुरूच झाली 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला म्हणून, तेव्हा पंचवीस-पंचवीसची पुस्तकं यायची. 1926 ला बंद, 1940 ला परत सुरू. अशोकस्तंभाचे सिंह आले 1949 मध्ये.

— नाशिकरोडकर:
ते मचाण म्हणजे 'सागर सम्राट', तेलविहीर खणणारी रिग. 1974 ला बॉम्बे हायमध्ये तेल लागलं ते हिच्यामुळेच, म्हणजे आपल्या मुंबईच्या समुद्रात! प्रदर्शनात हे मोठ्या अक्षरात लिहा. टेपला हात लावू नका, कागद सोलून येईल. लॅमिनेशन तर अजिबात नको, आणि साध्या पीव्हीसी पाकिटात पण नको, पॉलिस्टरचं घ्या. आणि 'जुनी नोट लाखाला विका' वाले फोन आले तर पैसे भरू नका, रिझर्व्ह बँकेनेच 2021 मध्ये त्याबद्दल सावध केलं होतं.

— धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे! 1994 मध्ये छपाई परवडेना म्हणून बंद केली ना, ती मोंटेकसिंग अहलुवालियांच्या सहीची निघाली, आणि 2015 ची गुलाबी-हिरवी माझ्याच पाकिटात होती. मधला वीस वर्षांचा रकाना रिकामा ठेवू की तिथे एक रुपयाचं खरं नाणं चिकटवू?