अनुभव धागा : दान द्यायच्या टोप्या आणि मफलर, काय जमलं आणि काय उसवलं

लोकरमाया
काल माळ्यावरून सुयांचा जुना डबा खाली आला. ॲल्युमिनियमच्या १० नंबरच्या जोडीवर कुणाचं तरी अर्धवट पिवळं विणकाम तसंच अडकलेलं. १९६२ च्या युद्धात घरोघरी जवानांसाठी स्वेटर-मोजे विणले गेले, ते ऐकत मोठ्या झालेल्या पुष्कळ जणी इथे असतील. आता आमची बुधवारची बैठक सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी टोपडी विणते आणि ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी मफलर. तुम्हीही लिहा, पण आकड्यांसकट. "खूप समाधान मिळतं" हे सगळ्यांना माहीत आहे.

सुरुवात माझ्याकडून. पूर्ण दिवसांच्या बाळाचं टोपडं : ४ पदरी लोकर, १० नंबरच्या सुया, ९० टाके. एक सुलट एक उलट अशी ३ सेंमी बॉर्डर. मग साधी वीण (एक ओळ सुलट, एक उलट), सुरुवातीपासून १० सेंमी भरेपर्यंत. मग घट : ८ सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणायचे), असं ओळभर. ८१ उरतात. पुढची ओळ नुसती उलट. मग ७ सुलट, दोनाचा एक. असं करत ९ टाके उरले की ३० सेंमी धागा ठेवून कापा, दाभणात ओवून नवाच्या नवांतून काढा, आवळा आणि त्याच धाग्याने शिवण घाला. २५ ग्रॅमच्या आत होतं.

न्यूजर्सीची_वहिनी
ताई थांबा. १० नंबर म्हणजे कुठला १०??

लोकरमाया
आपला. भारतात मिळतो तो.

न्यूजर्सीची_वहिनी
मग ते ठळक लिहा हो. आपल्याकडचे नंबर जुने इंग्लिश, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, आकडा वाढला की सुई जाड. आपली १० म्हणजे ३.२५ मिमी, इथली १० म्हणजे ६ मिमी! इथे ३.२५ हवी तर ३ नंबर मागायची. इकडच्या १० वर ९० टाके घातले तर बाळाची टोपी आजोबांना बसते.

गोंडेवाली
😂😂 आजोबांनाही कुणीतरी द्यायला हवीच की

उसवाउसवी
म्हणून मिमीच लिहावं, नंबर लिहूच नये. ८ = ४ मिमी, ९ = ३.७५, १० = ३.२५, ११ = ३, १२ = २.७५. सुईवरचा आकडा झिजला असेल तर भोकांची मोजपट्टी दहा-वीस रुपयांत येते.

आणि मायाताई, तुमच्या कृतीत टेन्शन, म्हणजे १० सेंमीत किती टाके बसतात ते, लिहिलेलं नाही. १० सेंमीत २८ टाके, ३६ ओळी बसल्या तरच हे ९० चं गणित. शिवणीत दोन टाके जातात, उरले ८८, म्हणजे साडेएकतीस सेंमी घेर. बाळाचं डोकं ३४-३५. टोपी डोक्यापेक्षा दहाएक टक्के लहानच हवी, ताणून बसते. तुमचा हात सैल असला आणि २५ च टाके बसले तर घेर ३५ वर जातो. मग टोपडं डोळ्यांवर उतरतं, सिस्टर काढून ठेवते.

सुलटउलट
आमच्याकडे सगळ्यांनाच टेन्शन. फक्त १० सेंमीत किती ते कुणी मोजत नाही 😄

नाशिककर_मावशी
दवाखान्यात द्यायचं तर तिथे पूर्ण दिवसांची बाळं कमी असतात बायांनो. नवजात कक्षात बहुतेक कमी वजनाची. ९० ची चळत नेऊन दिली तर पडून राहते. नऊच्या पटीत लहान करत या, घटीचं गणित मोडत नाही :
८१ टाके, डोकं ३१-३२ सेंमी, बाळ साधारण २ किलो, घटीआधी ९ सेंमी उंची.
७२ टाके, डोकं २८-२९, बाळ दीड किलो, उंची ८.
६३ टाके, डोकं २५-२६, बाळ १ किलो, उंची ७.
८१ ला घट "७ सुलट, दोनाचा एक" पासून, ७२ ला ६ पासून, ६३ ला ५ पासून.
आधी सिस्टरना विचारा कुठलं माप संपलंय. फोन एक मिनिटाचा असतो.

पहिल्यांदाच
मावशी ६३ तर विषम आहेत ना, बॉर्डर कशी जुळणार?

नाशिककर_मावशी
जुळते गं. सुलटने सुरू कर, सुलटनेच संपेल. परतताना उलटने सुरू. समोर जो टाका दिसतो तसाच विणायचा. ८१ लाही तेच. भाकऱ्या टाकून येते.

उसवाउसवी
सगळ्यात जास्त परत येणारा दोष सांगते : कडक कड. टाके आवळून घातले की टोपी वर मऊ आणि कपाळावर रबरबँड. बाळाच्या कपाळावर वळ उठतो. दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला, मग एक सुई काढून घ्या. किंवा फक्त टाके ८ नंबरवर घाला आणि पहिल्या ओळीपासून १० वर या. अंगठ्याने टाके घालत असाल तर शेपूट (सुरुवातीचा मोकळा धागा) टोपीच्या घेराच्या तिप्पट अधिक एक वीत सोडा, नाहीतर ८४ व्या टाक्याला धागा संपतो आणि सगळं काढावं लागतं.

गोंडेवाली
८४ वा. बरोब्बर ८४ वा. कधी ४० व्याला संपत नाही मेला.

पहिल्यांदाच
माझा मफलर ४० टाक्यांनी सुरू झाला, आता ४७ आहेत. कुठून येतात??

सुलटउलट
पाव्हणे आलेत, चहा ठेव

उसवाउसवी
दोन जागा बघ. एक, ओळीची सुरुवात. धागा सुईवरून मागे टाकला की पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि एकाचे दोन दिसतात. दोन्ही विणले की एक वाढला. धागा सुईच्या खालून मागे न्यायचा. दोन, बॉर्डरमध्ये सुलटवरून उलटला जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा. सुईवरून आणलास की आडवा फास पडतो, पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक राहतं. भोकं दिसत असतील तर दुसरं कारण. कडेला पायऱ्या दिसत असतील तर पहिलं.
दर दहा ओळींनी टाके मोज. दर ओळीला नको, वेड लागेल.

पहिल्यांदाच
पायऱ्या आहेत 🙈

उसवाउसवी
मग पहिलंच. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घे, कड साखळीसारखी येईल. आधीचं उसवायला नको, पुढच्या ओळींत कडेला दोनाचा एक करत ४० वर ये. मफलर आहे, कुणी पट्टी लावून बघत नाही.

कोपरगावची
मफलरवर मला बोलायचंय. साधी वीण घालू नका, कितीही सुंदर दिसली तरी. कडा आत वळतात, नळी होते, धुतल्यावर तर दोरीच. सगळ्या ओळी सुलट घ्या, नाहीतर दोन सुलट दोन उलट. ८ पदरी लोकर, ४ मिमी सुई, ४० टाके, रुंदी १८ सेंमीच्या आसपास, लांबी १५० पर्यंत. २०० ग्रॅम धरून चाला.

आणि झालर नको! ऊसतोडीचं काम पहाटेच्या थंडीत सुरू होतं, उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, त्यात झालर आणि जाळीची वीण अडकते, धागा निघतो. घट्ट वीण, आखूड टोकं. त्यापेक्षा बरा म्हणजे गोल गळपट्टा, टोकंच नाहीत. ६० सेंमी घेर, २५ उंची, डोक्यावरून घालायचा, लागलं तर कानांवर ओढायचा.
अजून एक. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या झोपडीत, चूल असते. ॲक्रिलिकला ठिणगी लागली तर ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. लोंबणारं काही देऊच नये.

लोकरमाया
हे आमच्या डोक्यात नव्हतं. गळपट्टेच करू या पुढच्या खेपेला.

गोंडेवाली
मी गोंडेवाली आहे आणि मला खूप वाईट वाटतंय 😢 गोंडे कुठे लावू?

नाशिककर_मावशी
बाळांना तर अजिबात नाही. गोंडा नाही, बटण नाही, नाडी नाही, मणी नाही. नाडी गळ्याशी जाते, बाकीचं सुटून तोंडात. जाळीची वीणही नको, बोटं अडकतात. आतली धाग्याची टोकं दाभणाने ५ सेंमी तरी आत ओवा, उलट दिशेने परत फिरवा, मग कापा. लोंबता धागा बोटाभोवती गुंडाळला गेला की रक्त थांबतं, आणि बाळ नुसतं रडतं, कुणाला कळत नाही कशाने. गोंडा मोठ्यांच्या टोपीला लाव हवा तेवढा.

लंडनची_पोर
गोंडेवाली इकडे ये 😄 इथे इनोसेंट नावाची ज्यूस कंपनी आहे, तिच्या बाटल्यांसाठी चिमुकल्या टोप्या विणायचं काम २००३ ला सुरू झालं. टोपीवाल्या बाटलीमागे २५ पेन्स वृद्धांच्या संस्थेला मिळायचे. मुठीएवढी टोपी, उरलेल्या लोकरीत होते आणि गोंडा चालतो!

सुलटउलट
बाटलीला टोपी. आमच्याकडे बाटली पिशवीत लपवून आणतात.

डब्लिनकर
विणकामात नवा आहे, क्रोशावाला आहे, चालेल ना? क्रोशाच्या कृती वाचताना देश बघा. इंग्लंडात ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्यालाच अमेरिकेत सिंगल म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब. चुकून खांब घातले तर टोपी दुप्पट उंच आणि विरविरीत होते. बाळासाठी मुका खांबच, भोकं राहत नाहीत. पण विणलेल्याएवढी ताणत नाही, म्हणून घेर डोक्यापेक्षा फार लहान नको.

लोकरमाया
या या दादा. बुधवारी एकही पुरुष येत नाही, चहा करायलासुद्धा नाही.

सूतकताई
लोकर कुठली ते कुणी लिहिलंच नाही. दवाखान्यातले कपडे गरम पाण्यात धुतले जातात. खरी मेंढीची लोकर गरम पाण्यात घुसळली की आटते, नमद्यासारखी होते, ३२ ची टोपी २५ ची. म्हणून तिथे ॲक्रिलिक किंवा सुती. केसाळ लोकर नको, तंतू नाकात जातात. दान आलेल्या गुंड्यांवर लेबल नसतं तेव्हा एक धागा ताटलीत जाळून बघा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. कागद जळल्याचा वास म्हणजे सुती.
ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका. लोकर मरते, म्हणजे लोळागोळा होते, बॉर्डर पुन्हा आवळत नाही, कायमची. ओलं करून सपाट वाळवा.

गोंडेवाली
इस्त्री मारली तर लोकर मरते. नोंद घेतली.

पहिल्यांदाच
नवा गुंडा जोडताना गाठ मारायची की ती थुंकीवाली पद्धत, टोकं ओली करून एकत्र चोळायची?

सूतकताई
थुंकी खऱ्या लोकरीलाच चालते, तंतू एकमेकांत घुसतात. ॲक्रिलिक ढिम्म. आणि बाळांसाठी थुंकी नकोच 🙏 कडेला जोड, दोन्ही टोकं बोटभर सोडून, नंतर शिवणीत ओव. गाठ बाळाच्या डोक्याला टोचते. लेबलवरचा लॉट नंबरही बघ. एकच रंग दोन लॉटचा असेल तर दोन ओळी या गुंड्याच्या दोन त्या, असं विण, नाहीतर मधेच पट्टा दिसतो.

नाशिककर_मावशी
आले परत. साठवण. तयार टोपड्यांत डांबरगोळ्या टाकू नका!! काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी६पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते, डांबरगोळीच्या वासानेही त्यांच्या रक्तपेशी फुटतात, कावीळ चढते. ॲक्रिलिकला कसर लागतच नाही, सुतीलाही नाही. खऱ्या लोकरीला लागते, ती आधी धुऊन उन्हात वाळवून घट्ट बंद पिशवीत. धुताना वासाचं काही घालू नका.
पिशवीवर चिठ्ठी : डोकं किती सेंमी, लोकर कसली. "लहान", "मध्यम" लिहू नका, दोन किलोच्या बाळांत लहान म्हणजे काय?

डॉक्टरीणबाई
मावशींना दुजोरा. कांगारू पद्धतीत बाळ आईच्या छातीशी उघडं ठेवतात, अंगावर लंगोट, टोपडं, मोजे एवढंच. १९७८ ला कोलंबियातल्या बोगोटात सुरू झालेली पद्धत. नवजाताच्या अंगाचा पाचवा हिस्सा डोकंच असतं, म्हणून टोपडं. पण बाळ घरी गेलं, तब्येतीने बरं असलं की घरात झोपवताना टोपी घालायची नाही, फार तापतं. चिठ्ठीवर तेही लिहा.

लंडनची_पोर
डॉक्टर, नवजात बाळांना धरायला तो क्रोशाचा ऑक्टोपस खरंच देतात का? डेन्मार्कात २०१३ ला सुरू झालं ना.

डॉक्टरीणबाई
काही कक्ष घेतात, काही घेत नाहीत, विचारूनच करा. सुती धागा, ६० अंशांत धुता यायला हवा, पाय ताणून २२ सेंमीपेक्षा लांब नकोत. आत भरलेला कापूस टाक्यांतून दिसला तर बाद.

डब्लिनकर
२२ सेंमी ताणून की न ताणता?

डॉक्टरीणबाई
ताणून.

पहिल्यांदाच
४० झाले!!! आणि खाली बघते तर १२ ओळींपूर्वी एक टाका गळलाय. शिडी झालीय. उसवू?

उसवाउसवी
उसवू नकोस. क्रोशाची सुई घे. ज्या टाक्याशी शिडी संपते तो फास सुईत घे, वरची आडवी काडी त्यातून ओढ, मग तिच्या वरची. सगळ्या ओळी सुलट असतील तर एक काडी समोरून ओढायची, पुढची मागून, आलटून पालटून. वर पोचलीस की डाव्या सुईवर ठेव.

गोंडेवाली
आणि तो चाळिसातला आहे की एकेचाळिसावा, ते आधी बघ.

पहिल्यांदाच
…४१ होते 😭