हेवीवेटमध्ये सध्या वासरात लंगडी गाय शहाणी आहे का?

जुना_आखाडा

वर्ष संपत आलंय, तर हेवीवेट मुष्टियुद्धाचा हिशेब मांडूनच टाकू. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला नेम धरायला सोपं जाईल: गट आतून पोकळ झालाय, आणि या पोकळीत ओलेक्सांद्र उसिक आहे त्याहून उंच दिसतोय.

डिसेंबर २०२५ची स्थिती बघा. उसिक २४ पैकी २४ जिंकलेला, येत्या १७ जानेवारीला ३९ पूर्ण. जुलैत वेम्ब्लीवर डॅनियल डुब्वाला पाचव्या फेरीत झोपवून त्याने चार जागतिक संघटनांचे (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) चारही विजेतेपदाचे पट्टे पुन्हा एकत्र केले आणि नोव्हेंबरात त्यातला डब्ल्यूबीओचा सोडून दिला. तो फॅबिओ वॉर्डलीला बसल्या जागी मिळाला. टायसन फ्युरी जानेवारीत निवृत्त झाला (कितव्यांदा, ते मोजणं मी सोडलंय). डिऑन्टे वायल्डर चाळिशीचा. इंग्लंडचा माजी विजेता अँथनी जोशुआ या महिन्यात मायामीत जेक पॉल नावाच्या यूट्यूबवाल्याला सहाव्या फेरीत पाडून आला. हा तोच माणूस, ज्याच्या नावावर वेम्ब्ली भरायचं.

कळस म्हणजे डब्ल्यूबीएचा दुय्यम पट्टा, ज्याला ते 'रेग्युलर' म्हणतात. तो याच महिन्यात मुरात गासिएव्हने ४४ वर्षांच्या कुब्रात पुलेव्हला पाडून घेतला. गासिएव्ह कोण? २०१८मध्ये मॉस्कोत, एक वजनगट खाली, उसिकने १२ फेऱ्या ज्याला हवेत ठोसे मारायला लावले तो. सात वर्षांनी तोच माणूस वरच्या गटात 'विजेता' म्हणून मिरवतोय. याला बहर म्हणायचं असेल तर म्हणा.

कोपऱ्यातला_टॉवेल

दुय्यम पट्ट्यावरून गटाची पारख करणं म्हणजे आमरस सोडून ताटातल्या लोणच्यावर जेवणाचा निकाल देणं.

तुमच्या सुवर्णकाळाचं बोला. १९९२च्या डिसेंबरात लंडनमध्ये रिडिक बोने डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, कारण त्या पट्ट्यासाठी लेनॉक्स लुईसशी लढावं लागलं असतं. व्यावसायिक रिंगणात ते दोघं कधीच भेटले नाहीत. पुढे क्लिचको बंधूंच्या काळात तर पट्टे एका घरात वाटले गेले, आणि भाऊ भावाशी लढणार नव्हता. १९९९मध्ये लुईसने पट्टे एकत्र केले, त्यानंतर सर्वमान्य एकमेव विजेता मिळायला मे २०२४ उजाडलं.

उसिकने २०२१पासून काय केलं? जोशुआ दोनदा, डुब्वा दोनदा, फ्युरी दोनदा. सहा लढती, सहा विजय. त्यातल्या दोन लंडनमध्ये, इंग्रज प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात. या काळात फ्युरी-जोशुआ लढत जमली नाही, त्याचं खापर उसिकवर का फोडायचं? तो दोघांनाही हरवून बसलाय.

जुना_आखाडा

फ्युरीला 'हरवलं' हा शब्द पहिल्या लढतीपुरता जरा जपून वापरा.

दहा_नऊ

त्याचं गणितच मांडतो. १८ मे २०२४, रियाध. तीन गुणपत्रिका: ११५-११२ उसिक, ११४-११३ उसिक, ११४-११३ फ्युरी. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर आदळत, झोकांड्या खात कोपऱ्यात गेला आणि पंच मार्क नेल्सन यांनी उभ्या माणसावर मोजणी सुरू केली. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९; पण मोजणी झाली की १०-९ ऐवजी १०-८. आता ती मोजणी काढून टाका, म्हणजे प्रत्येक पत्रिकेवर फ्युरीला एक गुण परत: ११५-११३ उसिक, ११४-११४, ११५-११३ फ्युरी. निकाल: बरोबरी. एका मोजणीवर अख्खा इतिहास उभा आहे.

कोपऱ्यातला_टॉवेल

गणित बरोबर, निष्कर्ष उलटा. नियम सांगतो की दोर नसते तर माणूस खाली गेला असता, अशी अवस्था असेल तर ते नॉकडाऊनच. फ्युरीचे गुडघे गेले होते, हात खाली होते आणि उसिकचे ठोसे एकामागून एक डोक्यावर बसत होते. पंच मध्ये पडले नसते तर पुढचे दोन ठोसे कोण खाणार होतं? त्या मोजणीने फ्युरीचा एक गुण गेला, पण श्वास घ्यायला वेळ मिळाला आणि घंटेपर्यंत तो तगला. ती काढून टाकलीत तर १०व्या फेरीचे गुण लिहायची वेळच आली नसती, बरोबरी कुठली!

आणि डिसेंबर २०२४ची दुसरी लढत विसरू नका. तिन्ही पत्रिकांवर ११६-११२ उसिक. आठ फेऱ्या एकाच्या, चार दुसऱ्याच्या. तिथे कुठलीही मोजणी नव्हती.

लाल_माती

त्या दुसऱ्या लढतीचं वजन कुणी काढलं नाही म्हणून काढतो. फ्युरी २८१ पाउंड, म्हणजे १२७.५ किलो. उसिक २२६, म्हणजे १०२.५. पंचवीस किलोंचा फरक! आपल्याकडे महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलो. म्हणजे त्या रात्रीचा फ्युरी तराजूवरूनच घरी गेला असता. व्यावसायिक हेवीवेटला मात्र फक्त खालची मर्यादा आहे, २०० पाउंड, वरती आभाळ मोकळं. डब्ल्यूबीसीने २०२०मध्ये २२४ पाउंडांपर्यंतचा ब्रिजरवेट नावाचा गट मधे घातला खरा, पण तिकडे ना पैसा ना प्रेक्षक.

वर सीमाच नाही, म्हणून गटाची गुणवत्ता पातळ होते. दोन मीटर उंचीचा, सव्वाशे किलोंचा कुणीही धडधाकट माणूस क्रमवारीत शिरतो, कारण त्याचा एक ठोसा पुरतो. तंत्र शिकायची गरज कुणाला?

कोपऱ्यातला_टॉवेल

मग त्याच गटात १०२.५ किलोंचा माणूस राजा कसा, याचं उत्तर तुम्हीच द्या.

माझं उत्तर पायांपाशी आहे. उसिक डावखुरा, त्याचा उजवा पाय पुढे. समोरच्याचा डावा पुढे. पुढचे पाय नाकाला नाक लावून उभे राहतात. ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला पडतो, त्याचा मागचा हात समोरच्याच्या हनुवटीच्या रेषेत येतो, आणि समोरच्याचा मागचा हात खांद्यावरून निघून जातो. उसिकचा पुढचा उजवा हात दर वेळी मारायला येतच नाही. तो समोरच्याच्या ग्लोव्हवर टपटप करतो, खाली दाबतो, नजर आडवी करतो. समोरचा त्या हाताला उत्तर द्यायला गेला की उसिकचा पाय बाहेर सरकलेला असतो आणि डावा सरळ येतो. मारून झालं की तो मागे सरत नाही, पुढच्या पायावर फिरून बाजूला जातो. सव्वाशे किलोंच्या माणसाला दर वेळी अख्खं धड वळवून पाय नव्याने मांडावे लागतात. आठव्या-नवव्या फेरीपर्यंत फासळ्या शाबूत असतात, पण मांड्या संपतात. जड माणूस हरतो तो तिथे.

जुना_आखाडा

हे वर्णन झकास, मान्य. पण मग पहिल्या लढतीच्या पाचव्या-सहाव्या फेरीत फ्युरीने पोटात मारून आणि अपरकट (खालून वर येणारा ठोसा) घालून उसिकला मागे रेटलं होतं, तेही सांगा. उसिक डोकं खाली घेऊन आत शिरतो. त्याला वरून दाबायचं आणि खालून हाणायचं, हा उतारा तेव्हाच दिसला होता. प्रश्न असा की पुढच्या फळीत तो उतारा रोज लावू शकेल असा आहे कोण? नावं घ्या, हवेत बोलू नका.

बरगडीखाली

अगिट कबायेल. घ्या नाव.

जर्मनीतल्या बोखुमचा, अपराजित. डिसेंबर २०२३मध्ये मखमुदोव्ह चौथ्या फेरीत, मे २०२४मध्ये फ्रँक सांचेझ सातव्या, फेब्रुवारी २०२५मध्ये झांग झिलेई सहाव्या. शेवटच्या विजयाने डब्ल्यूबीसीचा अंतरिम, म्हणजे मुख्य विजेत्याच्या खालोखालचा पट्टा मिळाला. तिन्ही मोठे, तिन्ही घाव पोटातले. हा योगायोग नाही, ही त्याची पद्धत आहे.

यकृत उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड असतं. डावा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) तिथे नुसता पोचवून भागत नाही, आधी कोपर उचलायला लावावं लागतं. म्हणून कबायेल आधी वर दोन-तीन हलके ठोसे टाकतो, समोरचा हात उंच धरतो, कोपर बरगडीपासून वीतभर सुटतं, आणि त्या फटीत मग हुक शिरतो. डोक्यावरच्या ठोशाने माणूस तत्क्षणी जातो. यकृतावरचा लागला की आधी काहीच होत नाही, क्षणभर तो लढतोसुद्धा, आणि मग पाय आपसूक दुमडतात. डोकं लख्ख असतं, दहाचे आकडे ऐकू येतात, पण उठता येत नाही. डावखुऱ्यांची उजवी बाजू पुढे असते, म्हणजे यकृत जवळच आलेलं असतं. आता उसिक कुठल्या हाताचा, ते वर लिहिलंच आहे.

दहा_नऊ

जोखीमही लिहा की. पोटात मारायला हात खाली न्यावा लागतो, तेवढा वेळ जबडा उघडा. झांगने पाचव्या फेरीत त्याला पाडलं होतं. झांगचा दम गेला होता म्हणून निभावलं. उसिकचा बाराव्या फेरीतही जात नाही.

बरगडीखाली

खरं आहे. तरी ती लढत व्हायला हवी, आणि इथे मी धागाकर्त्याच्या बाजूला थोडा सरकतो. कबायेल दारात उभा असताना उसिक वायल्डरचं नाव घेतो, हे काही बरं नाही. वायल्डरची उजवी भयानक होती, कबूल. पण न्यूझीलंडच्या जोसेफ पार्करने त्याला २०२३मध्ये १२ फेऱ्या निष्प्रभ ठेवलं आणि झांगने २०२४मध्ये पाचव्या फेरीत पाडलं.

जुना_आखाडा

थोडं का होईना, सरकलात! आता वॉर्डलीचं बोला. विजेता म्हणे.

अर्धा_पाऊल

वॉर्डलीला हसू नका. हौशी मुष्टियुद्धाचा अनुभव जवळपास नाही, कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या हौसेच्या लढतींतून आलेला माणूस आहे तो. त्यामुळे त्याचे दोष उघड आहेत: हनुवटी उंच, मागे सरताना सरळ रेषेत, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकून हात परत आणायला आळस. जूनमध्ये इप्सविचला जस्टिस हुनीने नऊ फेऱ्या त्याला शिकवणी दिली, गुणांत तो साफ मागे होता. दहाव्या फेरीत एक उजवा, खेळ खलास. ऑक्टोबरात पार्करला ११व्या फेरीत थांबवलं. पंचांनी घाई केली असं अनेकांचं मत आहे, माझंही, पण पार्कर तेव्हा उत्तर देत नव्हता हेही तितकंच खरं. वॉर्डलीचं भांडवल एवढंच की ११व्या फेरीतही त्याचा ठोसा पहिल्या फेरीइतकाच जड असतो. हेवीवेटमध्ये हे भांडवल छोटं नाही.

जुना_आखाडा

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. नऊ फेऱ्या हरणारा माणूस चार पट्ट्यांपैकी एकाचा जगज्जेता.

कोपऱ्यातला_टॉवेल

तुमच्या हिशेबाने १९९४चा जॉर्ज फोरमनही पोकळच. ४५व्या वर्षी, नऊ फेऱ्या मार खाऊन, दहाव्या फेरीत मायकल मूररला पाडलं. त्याला आपण आजही डोक्यावर घेऊन नाचतो.

अर्धा_पाऊल

मोझेस इटाउमाचं नाव अजून कुणी घेतलं नाही, आश्चर्य आहे. पुढच्या फळीत मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याची. याच आठवड्यात २१चा होतोय. डावखुरा, १३ लढती, ११ नॉकआऊट. ऑगस्टमध्ये डिलियन व्हाइटला दोन मिनिटांच्या आत संपवलं.

दहा_नऊ

आणि सहा फेऱ्यांच्या पलीकडे एकदाही गेलेला नाही. ३७ वर्षांच्या व्हाइटला पाडून दम कळत नाही, हात वेगवान आहेत एवढंच कळतं. माइक टायसन २० वर्षांचा असताना विजेता झाला, पण त्याआधी तो २७ लढती खेळला होता आणि दोनदा पूर्ण दहा फेऱ्या चालला होता. इटाउमाची पुढची लढत जर्मेन फ्रँकलिनशी ठरलीय, ती खरी चाचणी. फ्रँकलिन जोशुआसमोर आणि व्हाइटसमोर पूर्ण १२ फेऱ्या उभा राहिलाय. त्याने इटाउमाला सातव्या-आठव्या फेरीत नेलं तर बघा: हात खाली येतात का, तोंड उघडं पडतं का, आणि ठोशानंतर डोकं त्याच जागी राहतं का.

लाल_माती

बखोदिर जलोलोव्हला विसरलात सगळे. टोकियोत आपल्या सतीश कुमारला उपांत्यपूर्व फेरीत ५-० हरवणारा, टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं. उंच, डावखुरा, व्यावसायिक म्हणून अपराजित.

बरगडीखाली

विसरलो नाही, वाट बघून थकलो. ३१ वर्षांचा झाला तरी पहिल्या दहातल्या एकाशीही लढलेला नाही. पदकं कपाटात शोभतात.

जुना_आखाडा

या लढती जमतात त्या रियाधच्या पैशावर, हे तरी मान्य कराल ना? एकमेकांचं तोंड न बघणारे इंग्रज प्रवर्तक एका टेबलावर बसले ते बॉक्सिंगच्या प्रेमाने नव्हे. उद्या या लढतींना पैसा पुरवणारे सौदी अधिकारी तुर्की अलालशेख यांचा उत्साह ओसरला की पुन्हा जो तो आपापला पट्टा घेऊन आपापल्या गावात.

कोपऱ्यातला_टॉवेल

यावर वाद नाही. उसिक गेला की तीन पट्टे तीन दिशांना जातील, आणि तेव्हा तुमचा धागा पुन्हा वर काढू. पण ते उद्याचं. आजच्या गटाला पोकळ म्हणायचं तर गेल्या दोन वर्षांत पहिल्या दहातल्यांनी एकमेकांशी जितक्या लढती केल्या तितक्या त्याआधीच्या कुठल्या दोन वर्षांत झाल्या, ते दाखवा.

जुना_आखाडा

सत्तरचं दशक. अली, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन.

कोपऱ्यातला_टॉवेल

बरं, तो एक अपवाद. पुढचा दाखवा.

बरगडीखाली

तुमचं चालू द्या. १० जानेवारीला ओबरहाउझेनला कबायेलसमोर पोलंडचा डामियन क्निबा आहे, दोन मीटर उंच. उंच माणूस जॅब टाकताना उजवं कोपर बरगडीला चिकटून ठेवतो की जरा बाहेर सोडतो, एवढंच पहिल्या दोन फेऱ्यांत बघा. सुटलं, तर चहा ठेवायला उठू नका.